आजीला आधी कळायचं

आमच्या आजोबांच्या घरी ‘किर्लोस्कर’ मासिक टपालाने यायचं आणि त्याचं वेष्टन फोडायचा अधिकार फक्त आजोबांचा असायचा. हे मी पाहिलेलं नाही, आत्याने सांगितलंय. आजोबा जुन्या तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे मास्तर होते. मासिक जिथे छापलं जायचं ती किर्लोस्करवाडी तिथून बैलगाडीच्या टप्प्यात होती. चालत जाऊन आणलं असतं तरी चाललं असतं, पण आजोबांना ते टपालातूनच हवं असे. पोस्टमनने नाव घेऊन हाक मारल्याशिवाय वर्गणी भरल्यासारखं वाटत नाही, असं ते म्हणत.

संध्याकाळी दिवा लागला की वाचन सुरू व्हायचं. आधी लेख, मग कथा आणि शेवटी चित्रं. चित्रं शेवटी ठेवण्यात मास्तरकी होती. मुलं तोवर उठून जाऊ नयेत, हा डाव. चित्राखालच्या ओळी आजोबा दोन आवाजांत वाचत. नवऱ्याचा आवाज बारीक, बायकोचा जाडा. पोरं हसायची, शेजारचे कुलकर्णी हसायचे, ओसरीवर टेकायला आलेला कोणी वाटसरूही हसून घ्यायचा. मग आतून, चुलीपाशून प्रश्न यायचा, “काय झालं हो हसायला?”

आजीला वाचता येत नव्हतं. सगळ्या गावाला मुळाक्षरं गिरवायला लावणाऱ्या माणसाची बायको निरक्षर होती, यावर आत्या आजही जरा गप्प होते आणि मग सांगते, की आजोबांनी पाटी-पेन्सिल आणून दिली होती. आजीने ती दुधाचा हिशेब मांडायला घेतली. तोही पाटीवर टिकेना, म्हणून पुन्हा भिंतीवरच गेला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या उभ्या रेघा असत. शेराला पूर्ण रेघ, अर्ध्या शेराला अर्धी, आणि म्हशीने लाथ मारून दूध सांडलं असेल त्या दिवशी रेघेवर आडवी फुली. महिन्याच्या शेवटी गवळी आला की आजी भिंतीकडे बघून आकडा सांगायची. गवळ्याने वाद घातल्याचं कोणाला आठवत नाही.

तर प्रश्न यायचा आणि कोणीतरी आत जाऊन आजीला विनोद समजावून सांगायचं. नवरा असं म्हणतो, बायको तसं म्हणते, म्हणून हसायचं. आजी “असं होय” म्हणायची आणि भाकरी परतायची. समजावून सांगितलेल्या विनोदाची चव काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. आत्याच्या मते घरातली सगळी माणसं एकदम हसायची आणि आई मागाहून एकटीच हसायची, तेही बहुधा सांगणाऱ्याचं मन राखायला.

मराठी हास्यचित्रांचा इतिहास सांगताना लोक चित्रकारांची नावं सांगतात, मासिकांची सांगतात. मला तो आमच्या घरात कोण कधी हसलं यावरून सांगावासा वाटतो. छापलेलं चित्र तेव्हा एकट्याने बघायची वस्तूच नव्हती. एक अंक घरभर फिरायचा, मग शेजारी, मग वाचनालयात, शेवटी न्हाव्याच्या दुकानात. न्हाव्याकडे पोचेपर्यंत मुखपृष्ठ गेलेलं असायचं आणि चित्रातल्या बायकांना कोणीतरी मिशा काढलेल्या असायच्या. हसणं सार्वजनिक होतं, आणि त्या सार्वजनिकात काही माणसं दाराबाहेर उभी असायची.

‘किर्लोस्कर’मधल्या चित्रांमागे शंकर वासुदेव किर्लोस्कर होते. लोक त्यांना शंवाकि म्हणत. त्या सगळ्या खटाटोपाची सुरुवातच चित्रकलेतून झालेली आहे, हे मला फार गमतीचं वाटतं. शंवाकिंचे काका लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंगांधळेपणामुळे रंग सोडून त्यांना यंत्रांच्या आराखड्यांकडे वळावं लागलं, आणि त्या वळणावर पुढे लोखंडी नांगर उभा राहिला. १९१० साली औंध संस्थानातल्या ज्या माळावर त्यांनी कारखाना आणि वसाहत वसवली, तो माळ देणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. आणि पुतण्या शंकर चित्रकार. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर इतकी कुंचल्याची माणसं एका वेळी कशी गोळा झाली, याचं आजोबांनाही नवल वाटे.

१९२० साली शंवाकिंनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. आधी त्याचा आवाका एवढाच, की गिऱ्हाइकांना कारखान्याची आणि नांगराची माहिती कळावी. पण संपादक चित्रकार आणि त्यातून सुधारक, त्यामुळे नांगर थोड्याच दिवसांत माणसांवरून फिरू लागला. हुंडा, पत्रिका, सोवळंओवळं, बुवाबाजी, विधवांचे हाल, सगळ्यांवर शंवाकिंचा टाक चालला. पुढे खबरीचं ‘किर्लोस्कर’ झालं, १९३० साली ‘स्त्री’ आलं, १९३४ साली ‘मनोहर’. आमच्या गावात या चित्रांवरून दोन तट होते म्हणे. देवळाच्या पारावर बसणारी मंडळी अंक हातात धरत नसत, पण चित्र कोणतं आलंय ते मात्र त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असे.

या चित्रांना मी आज बघते तेव्हा त्यांची रेघ जाड वाटते, हेतू त्याहून जाड. त्यांना हसवायचं कमी आणि लाजवायचं जास्त होतं. त्या काळी ते लागतच होतं, याबद्दल माझं दुमत नाही. पण एक गोष्ट खटकते. ज्या बाईच्या कैवारासाठी चित्र काढलेलं असे, तिला ते वाचता येत नसे. चित्राखाली ओळी असत, कधी चित्राच्या आत पाट्या असत. माणसाच्या पोटावर ‘रूढी’, काठीवर ‘समाज’, गाढवावर आणखी काहीतरी. पाट्या काढल्या तर चित्रात उरायचा एक जाड माणूस, एक काठी आणि एक गाढव. आजी म्हणायची, “गाढव बरं काढलंय.”

त्यात छपाईचीही अडचण होती. फोटो किंवा छटांचं चित्र छापायचं तर जाळीचा ब्लॉक लागे, त्याला गुळगुळीत कागद लागे, आणि तो महाग. काळ्या शाईच्या नुसत्या रेघांचं चित्र मात्र जस्ताच्या साध्या ब्लॉकवरून खरबरीत कागदावरही स्वच्छ उठत असे. म्हणून आपल्याकडचं हास्यचित्र रेघेचं झालं. ब्लॉक करायला पैसे पडत, म्हणून एकदा केलेला ब्लॉक जपून ठेवत आणि वर्षा-दोन वर्षांनी खालच्या ओळी बदलून तोच पुन्हा वापरत. गेल्या दिवाळीत जावयाची वाट बघणारी सासू यंदा रेशनच्या रांगेत उभी दिसायची. चित्रापेक्षा ओळी महत्त्वाच्या होत्या याचा याहून मोठा पुरावा कशाला हवा?

आणि लाटणं! त्या काळच्या कुठल्याही मासिकातलं लाटणं काढून टाकलं असतं तर निम्मे हास्यचित्रकार बेकार झाले असते. दाराआड लाटणं घेऊन उभी असलेली बायको, डोक्याला टेंगूळ आलेला नवरा, भिंतीवर दोनचं घड्याळ. एकदा असंच चित्र आजोबांनी आत नेऊन आजीला दाखवलं, कारण यात समजावण्यासारखं काही नव्हतं. आजीने ते नीट पाहिलं आणि विचारलं, “रात्री दोन वाजता हिच्या हातात लाटणं कसं? अजून पोळ्याच चालल्यात होय?” आत्या म्हणते, बाबा हसायला लागले आणि मग मध्येच थांबले. खरं तर आमच्या घरात रात्री शेवटचं लाटणं कधी खाली ठेवलं जातं, ते त्यांना माहीत नव्हतं.

आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना अप्पाआजोबा म्हणायचो, मिरजेला रेल्वेत कारकून होते. हौशी गृहस्थ. त्यांनी तिथल्या एका स्टुडिओत काढून घेतलेला फोटो आमच्या घरात अजून आहे. खुर्चीवर साहेब बसलाय, टाय, बूट, हातात वर्तमानपत्र. शेजारी टोपी घातलेला शिपाई वाकून चहाचा कप पुढे करतोय. दोघंही अप्पाआजोबाच.

असल्या डबल फोटोंची तेव्हा लाट होती. करणी साधी, पण हात स्थिर हवा. भिंगाच्या तोंडावर अर्धं झाकण बसवायचं, म्हणजे काचेवर निम्माच भाग उमटतो. साहेब खुर्चीत बसवून तो भाग घ्यायचा. मग कॅमेऱ्याला धक्का न लावता झाकण दुसऱ्या बाजूला फिरवायचं, तोवर साहेबाने टाय सोडून टोपी घालून शिपायाच्या जागी उभं राहायचं, आणि त्याच काचेवर पुन्हा प्रकाश पाडायचा. मधे शिवण दिसू नये म्हणून पडदा गडद. कप नेमका कुठे धरायचा याची खडूने जमिनीवर खूण. जरा चुकलं की शिपायाचा हात मनगटातून गायब. अप्पाआजोबांच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या पहिल्या फोटोत कप हवेत तरंगत होता आणि फोटोग्राफरने त्याचेही पैसे मागितले होते.

बाकीचा स्टुडिओही एक नाटकघरच. मागे रंगवलेला पडदा, त्यात तळं, हंस, महालाची कमान. पुठ्ठ्याची मोटार, तिच्या चाकाखाली विटा. जत्रेत तर फळीवर पैलवानाचं किंवा राजाचं धड रंगवलेलं असायचं, मागून भोकात मान घालायची की झाला राजा. खरा फोटो काढताना माणसं मढ्यासारखी ताठ बसायची. हसायचं असेल तर आधी दुसरं कोणीतरी व्हावं लागे.

या युक्तीला आपल्याकडे मोठा पाठीराखा आधीच मिळाला होता. दादासाहेब फाळके चित्रपटात शिरण्याआधी फोटोग्राफर होते, छापखान्यात होते, जादूचे प्रयोगही करायचे. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी अण्णा साळुंके या एकाच नटाकडून राम आणि सीता अशी दोन्ही कामं करून घेतली. पडद्यावर राम आला की लोक पायताणं काढून ठेवत, असं सांगतात. आमच्या पणजोबांनी तो चित्रपट मुंबईत पाहिला होता आणि गावी आल्यावर सीतेच्या दंडांविषयी त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की जनकाच्या घरी खाणंपिणं चांगलं असावं.

अप्पाआजोबांनी आपला डबल फोटो मोठ्या थाटात घरी आणला. सगळे चक्रावले. कोणी म्हणालं जुळा भाऊ, कोणी म्हणालं भानामती. आजोबांनी प्रकाशकिरणांवर व्याख्यान सुरू केलं. ते चालू असताना आजीने फोटो हातात घेतला, शिपायाकडे बघितलं, साहेबाकडे बघितलं आणि दिराला विचारलं, “ह्यातला पगार कोण घेतो?”

अप्पाआजोबा हे शेवटपर्यंत सांगायचे. ऑफिसात ते साहेबाचे शिपाई आणि घरात साहेब होते, आणि वहिनीने ते एका नजरेत ओळखलं, असं काही ते म्हणत नसत. ते फक्त प्रश्न सांगायचे आणि खो खो हसायचे. पण आत्याला तेव्हाच कळलं, की आईला विनोद समजत नाही हा घरातल्या सगळ्यांचा समज साफ खोटा आहे. तिला चित्र कळायचं. आड यायची ती अक्षरं.

मग १९५२ ची दिवाळी आली. आत्या तेव्हा लग्नाची, आणि माझे वडील पुण्याला कॉलेजात. सुट्टीत घरी येताना त्यांनी ‘मोहिनी’चा दिवाळी अंक आणला. दिवाळी अंकांची आपल्याकडची चाल काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पाडली, आणि तेव्हापासून मुखपृष्ठ म्हटलं की बाई, हे ठरून गेलेलं. हातात निरांजन घेतलेली, कमळाशी उभी, आरशात बघणारी. गोव्यातून आलेले दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघांनी तर अशा बायका काढल्या, की घराघरांत त्या फ्रेम होऊन देवांशेजारी गेल्या. दलालांचं स्वतःचं ‘दीपावली’ १९४५ पासून निघत होतं. त्यांचा हात राजस, रंगांची श्रीमंती विलक्षण. पण त्या बायका कधी कोणाला हसल्या नाहीत, त्यांच्याकडे बघून कोणाला हसूही आलं नाही.

‘मोहिनी’च्या त्या मुखपृष्ठावर मात्र एक तरुण आणि एक तरुणी होती. आणि त्याच्या शर्टावर नि तिच्या साडीवर मांजर-उंदरांची नक्षी. बस्स. खाली ओळ नाही, आत पाटी नाही, कोणी कोणाला काही म्हणत नाही. चित्रावर सही शि. द. फडणीस यांची.

वडील अंक घेऊन ओसरीवर आले तेव्हा आजोबांनी सवयीप्रमाणे तो आधी स्वतःकडे घेतला आणि चित्राखाली वाचायला काही आहे का ते शोधलं. नव्हतं. त्यांनी पान उलटून आत बघितलं, तिथेही नाही. आजी लाडवांचं ताट घेऊन मागून आली होती. तिने आजोबांच्या खांद्यावरून एक नजर टाकली आणि ताट सावरत एवढी हसली, की आत्या आतून धावत आली. “ह्या दोघांनी लग्न करू नये बाई,” आजी म्हणाली, “रात्रभर नुसती धावाधाव!”

त्या घरात पहिल्यांदाच बाहेरून आतल्या माणसाला नाही, तर आतल्या माणसाने बाहेर विनोद समजावून सांगितला. आजोबांना तो सांगावा लागला. आत्या म्हणते, बाबांना नक्षी दिसली होती, पण ती कापडाची नक्षी म्हणून दिसली. वाचणाऱ्या माणसाचा डोळा अक्षरांच्या शोधात असतो, त्याला वाटेतलं उंदीर-मांजर दिसत नाही.

शि. द. फडणीस १९२५ साली जन्मलेले, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे. कोल्हापुरात शिकले, पुढे मुंबईला जे. जे.मध्ये. त्यांना बिनशब्दांच्या वाटेवर उभं करण्यात ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’वाल्या अनंत अंतरकरांचा मोठा वाटा. संपादकाने विनोदी चित्र थेट मुखपृष्ठावर घ्यायचं आणि तेही सालाबादच्या अंकाच्या, ज्यावर वर्षाची कमाई अवलंबून, हे धाडस सोपं नव्हतं. ते चित्र लोकांनी उचलून धरलं आणि फडणिसांची मुखपृष्ठं ही ‘मोहिनी’ची खूणच झाली. त्यांच्या चित्रातली माणसं कारकून, गृहिणी, शिंपी, भाजीवाले अशी आपल्या आळीतली, कपडे आपलेच, भांडी आपलीच. घडत असतं ते मात्र अशक्य, आणि ते अशा सहजपणे की चित्रातलं कोणीच दचकत नाही. कोणाची टिंगल नाही. इतकी वर्षं मराठी चित्रातला विनोद कुणाच्या तरी पाठीवर उभा राहत आला होता, बायकोच्या, सावकाराच्या, भटजीच्या, काळ्या माणसाच्या, जाड्या माणसाच्या. फडणिसांनी तो कापडावर, छत्रीवर, टेबलाच्या पायावर नेऊन ठेवला. १९६५ साली मुंबईत त्यांच्या चित्रांचं ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन भरलं, पुढे ते गावोगाव फिरलं, आणि भिंतीवरच्या चित्रासमोर रांग लावून हसायचं असतं हे लोकांना नव्याने कळलं.

सगळेच काही त्या वाटेने गेले नाहीत, जायला नकोही होतं. वसंत सरवटेंचं चित्र मला फडणिसांपेक्षाही जवळचं वाटतं, हे इथेच सांगून टाकते. ते कोल्हापूरचे, पेशाने सिव्हिल इंजिनीअर, नोकरी सिमेंट कंपनीत. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ज्या टोपणनावाने लिहीत, त्या ठणठणपाळाला सरवटेंनी जे रूप दिलं, तो हातोडेवाला, तो मराठी वाचणाऱ्यांच्या घरचा माणूस झाला. पण तो वाचणाऱ्यांच्याच घरचा. सरवटेंच्या चित्रात हसायचं तर कोणत्या लेखकाने कोणत्या समीक्षकाशी उभा दावा मांडलाय ते ठाऊक हवं. माझ्या वडिलांना ठाऊक असे, ते एकटेच खुर्चीत हलत बसायचे. आजी विचारायची, “काय रे?” वडील म्हणायचे, “नाही सांगता यायचं.” निदान ते खोटं समजावून देत नसत.

मी शाळेच्या वरच्या वर्गात गेले तेव्हा घरात ‘आवाज’वरून कुजबूज असायची. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेला हा अंक खपायचा तुफान, आणि त्यात खिडकीचित्रं असायची. वरच्या पानाला एक चौकट कापलेली, तिच्यातून खालच्या पानावरच्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसणार. वरच्या चित्राशी तो तुकडा जुळला की भलताच प्रकार दिसतो. पान उलटलं की कळतं, तसं काहीच नाही, चावटपणा बघणाऱ्याच्या डोक्यात. छपाईच्या दृष्टीने हे अवघड काम. चौकट कापायची ती हजारो प्रतींत एकाच जागी, आणि बांधणीत पान सुतभर सरकलं तर खिडकीतून दिसायला नको ते दिसतं किंवा दिसायला हवं ते दिसत नाही.

हे अंक घरात यायचे, पण मुलींच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी असायचे, म्हणजे वडिलांच्या गादीखाली. गादी कोण झटकायचं? आम्हीच. चुलतबहीण आणि मी दुपारी माडीवर ते उघडून बसायचो. ‘आवाज’चा कित्ता गिरवणारे इतरही अंक तेव्हा निघत. तसल्याच एका अंकातली खिडकी आम्ही डोळे विस्फारून बघत होतो. चौकटीत एक गोल, गुळगुळीत, उघडा भाग, आणि वर एका पुरुषाचे दोन्ही हात त्याच्यावर. मागे आजी कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. आता बोलणी खायची, म्हणून आम्ही मान खाली घातली. आजीने वाकून बघितलं. “कुंभार आहे,” ती म्हणाली आणि वाळवणाकडे गेली. आम्ही पान उलटलं. कुंभारच होता, आणि माठ.

मी तिला नंतर विचारलं, की तुला कसं कळलं. तिने सांगितलं, “अगं, हात बघितले. बाईला कोण अशी थापटतं?” आमची नजर जिथे खिळावी म्हणून ती खिडकी कापली होती, तिथे तिची खिळलीच नव्हती. चित्रकाराने इमानाने हात कुंभाराचेच काढले होते, तेवढं तिला पुरलं. या चित्रांवर आजही लोक नाकं मुरडतात. माझं म्हणणं एवढंच, की बरी खिडकी रेखाटणाऱ्याला चित्रकला यावी लागते. नुसता चावटपणा असणारा तिथे उघडा पडतो, कारण पान उलटल्यावर खालचं चित्र स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. पुढेपुढे ते उभं राहीनासं झालं, आणि खिडक्यांतली मजा गेली.

सत्तरच्या दशकात शि. द. फडणिसांनी प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. माझ्या धाकट्या भावाच्या हाती ते पुस्तक आलं आणि आजोबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांची सगळी उमर गणित शिकवण्यात गेली होती, आणि गणित म्हणजे पावकी, निमकी, पाठांतर आणि छडी. भाऊ गणिताचं पुस्तक उघडून हसत बसलाय हे त्यांना बघवेना. “हे पुस्तक आहे का तमाशा?” ते म्हणाले. वडिलांनी सांगितलं, की ते मांजर-उंदरांचे फडणीस, तेच हे. आजोबांना ते आठवलं असावं, कारण ते जरा वेळ काही बोलले नाहीत.

भाऊ तोवर पुस्तक घेऊन आजीकडे गेला होता. एका पानावर पोरांची झुंबड होती, खेळणारी, पडणारी, एकमेकांच्या अंगावर चढलेली. आजीने बोट फिरवत पोरं मोजली आणि आकडा सांगितला. भावाने मोजली, त्याची एक कमी भरली. आजोबांनी चष्मा लावला, पुस्तक उजेडात धरलं, पेन्सिलीच्या टोकाने एकेक मुंडकं मोजलं. त्यांचीही एक कमीच भरली.

“झाडामागचा धरलास का?” त्यांनी विचारलं.

“त्याचं मुंडकं कुठे दिसतंय, पाय दिसतोय नुसता,” आजी म्हणाली, “पण धरला.”